पक्क्या रंगाची राणी

सोलापूरच्या मंगळवार पेठेत सोमलिंग नावाचे ज्वारीचे अडते होते. वय चाळिशीच्या अलीकडचं, अंगकाठी नाजूक, वर्ण उजळ, आणि स्वभाव असा की त्यांच्या दुकानावरून जाताना बैलसुद्धा घुंगरं दाबून चालतात, असं पेठेत म्हणत. त्यांचा राग तोंडाआधी भिवयांत दिसायचा. त्या दाट काळ्या भिवया एकमेकींना भिडल्या की हमाल पाठीवरच्या पोत्यासकट थबकायचे, दिवाणजी चिमटीतली सुपारी तोंडात टाकायची विसरायचे, आणि घरात बायको रुद्राणी जे विचारायला आलेली असायची ते न विचारताच चुलीकडं परत जायची.

आणि हाच माणूस नाटकात राणीचं काम करायचा.

पेठेतल्या व्यापाऱ्यांनी हौसेनं एक नाट्यमंडळी काढली होती. तिच्या 'संगीत हेमप्रभा' या नाटकात सोमलिंग हेमप्रभा राणी व्हायचे. शालू नेसून, मान किंचित तिरपी करून ते "नाथ, आज इतका उशीर का बरं केलात?" असं म्हणाले, की पहिल्या रांगेतले म्हातारे व्यापारी उगाच आपापले सदरे सारखे करायचे. नाटकासाठी त्यांनी मिशी काढली होती. दुसऱ्या कुणी काढली असती तर पेठेनं हसून घेतलं असतं. सोमलिंगांना हसायची कुणाची छाती नव्हती.

रुद्राणी ते नाटक बघायला एकदाच गेली होती. बायकांच्या सज्जात बसून तिनं नवऱ्याच्या तोंडून तो 'नाथ' ऐकला, पदर सावरला आणि पहिला अंक संपल्यावर घरी निघून आली. तसा आवाज तिनं घरात कधी ऐकला नव्हता.

अडचण फक्त घामाची होती. साल एकोणीसशे चौतीस. खेळ रविवारी दुपारी असायचे, कारण तेव्हा गिरण्यांना सुट्टी. थिएटर पत्र्याचं. चैत्रातल्या खेळात तिसऱ्या अंकाला राणीच्या कपाळावरचा सफेदा विरघळून नाकावर आला, नाकावरून हनुवटीवर आला आणि तिथून नुकत्याच मेलेल्या राजाच्या छातीवर टपटप पडू लागला. खालून कुणीतरी ओरडलं, "राणीसाहेब, चुना गळतोय!"

हेमप्रभा राणी ताडकन उठली आणि अडत दुकानातल्या आवाजात गरजली, "कोण रं त्यो? ये हितं, तंगडी मोडतो!"

मेलेला राजा हसून हसून कुशीवर वळला. पडदा पाडावा लागला.

मंडळीचे चिटणीस संगप्पा कापडवाले त्यानंतर फार चिंतेत होते. नाटकात ते प्रधानाचं काम करत. त्यांनी सगळ्यांना दुकानात बोलावून सांगितलं, "परवा मी बोलपट बघितला. त्यातली बाई रडती, पावसात भिजती, नदीत उडी टाकती, पण तोंडावरचा रंग जागचा हलत न्हाय. आपली राणी पहिल्या पदालाच वितळती. असं चाललं तर लोक हितं कशाला येतील?"

"मग उन्हाळ्यात नाटक करू नका," सोमलिंग म्हणाले. भिवया भिडायच्या बेतात होत्या.

"माझ्याकडं तोड हाय," कोपऱ्यातून रेवणप्पा बोलला.

रेवणप्पाचं पेठेच्या तोंडाशी सलून होतं, आणि मंडळीतल्या नटांना रंग लावायचं कामही तोच करायचा. त्यानं मुंबईहून एक काचेची बाटली आणली होती. तिला रबरी फुगा होता. फुगा दाबला की दाढी केलेल्या गालावर गुलाबपाण्याचे बारीक तुषार उडायचे. गिऱ्हाईक नुसतं त्या तुषारांसाठी दोनदा दाढी करून घ्यायचं. रेवणप्पाचं म्हणणं असं की, रंग लावून झाला की त्यावर असं काहीतरी फवारायचं की रंगानं पुन्हा हलता कामा नये.

ते 'काहीतरी' करायला त्यानं आठवडा घेतला. घोंगडीला ताठपणा यावा म्हणून धनगर तिला चिंचोक्याची खळ देतात. ती त्यानं वस्त्रगाळ करून घेतली. तीत तुरटी घातली, डिंक घातला, सुताराकडून पॉलिशातला चंद्रस आणून तोही विरघळवला. वास बरा यावा म्हणून वरून गुलाबपाणी. मग एका भोपळ्यावर त्यानं राणीचा चेहरा रंगवला, वर फवारा मारला आणि भोपळा सलूनच्या पत्र्यावर उन्हात ठेवला. रोज त्यावर घागरभर पाणी ओतायचा. चेहरा ढिम्म हलला नाही. पेठेतली माणसं येता-जाता त्या भोपळ्याला बघून थांबायची, आणि एक आंधळट म्हातारी तर त्याला रोज "बरी हायेस का गं?" असं विचारून जायची.

"निघतो का पण?" संगप्पांनी विचारलं.

"निघाला की," रेवणप्पा म्हणाला. खरं तर भोपळ्याची त्याच्या घरी भाजी झाली होती, आणि रंग सालीबरोबर गेला होता. हे सांगायचं त्याला त्या वेळी महत्त्वाचं वाटलं नाही.

वैशाखातल्या रविवारी थिएटर भरून गेलं. रंगपटात सोमलिंग खुर्चीवर बसले. सफेदा झाला, गालावर गुलाबी झाली, ओठांना हिंगूळ, डोळ्यांना काजळ झालं. रेवणप्पानं बाटली उचलली.

"डोळे मिटा. आन जरा हसा. गालाला खळी पडू दे, म्हणजे रंग खळीत नीट बसंल."

सोमलिंगांनी डोळे मिटले आणि राणीचं ते प्रसिद्ध हसू आणलं. उजवी भिवई किंचित वर, ओठांचे कोपरे वर, डाव्या गालाला खळी. रेवणप्पानं फवारा मारला. एकदा मारला, बरा वाटला म्हणून पुन्हा मारला, आणि उन्हाळा कडक आहे म्हणून बाटली संपेपर्यंत मारत राहिला. मग हातपंख्यानं वारा घातला.

पहिला अंक झाला तेव्हा लोक टाळ्या वाजवून थकले. पेट्रोमॅक्सच्या उजेडात राणीचा चेहरा नव्या चिनी मातीच्या बशीसारखा चकाकत होता. राजाच्या मिशीचा रंग गळून छातीवर आला होता, प्रधान संगप्पांचं गंध कानात शिरलं होतं, पण राणीचा एक ठिपका हलला नव्हता.

दुसऱ्या अंकात मात्र सोमलिंगांच्या लक्षात आलं की आपल्याला रुसता येत नाही. राणीनं रुसायचं होतं. त्यांनी ओठ खाली ओढून पाहिले. ओठ बोलण्यापुरते हलायचे आणि कोपरे परत वर जाऊन बसायचे. तो प्रसंग लाजण्यावर निभावला.

तिसऱ्या अंकात राजाला साप चावला. राजा पडला. हेमप्रभा धावत आली, त्याच्या छातीवर डोकं टेकून हंबरडा फोडला, "नाथ! मला टाकून कुठं हो चाललात!" आणि लोकांकडं तोंड केलं.

तोंडावर मंद, गोड, समाधानाचं हसू होतं. खळीसकट.

आवाज रडत होता, खांदे हुंदक्यांनी हलत होते, आणि चेहरा एखादी मुलगी चांगल्या घरी पडल्यासारखा सुखात होता. जमिनीवर बसलेला एक गिरणीवाला सावकाश उठून उभा राहिला.

"हिनंच मारलं त्याला," तो म्हणाला.

"व्हय की!" दुसरा ओरडला. "मघाशी दुधाचा पेला हिच्याच हातात होता!"

दुसऱ्या अंकात राणीनं राजाला दूध दिलं होतं, ही गोष्ट खरी होती. आता ती सगळ्यांना एकदम आठवली. साप कुणी पाहिला होता? साप आत पडद्यामागं चावला होता. "परधानजी, धरा तिला!" अशी एकच हाकाटी उठली.

संगप्पांचं भाषण होतं, 'राणीसाहेब, धीर धरा.' पण त्यांनी समोर बघितलं, लोक खुर्च्यांवर उभे होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या तोंडाकडं इतक्या आशेनं बघत होतं. त्यांनी छाती फुगवली आणि विचारलं, "राणीसाहेब, पेला कुठं आहे?"

टाळ्यांनी पत्रे हादरले.

"संगप्पा, शुद्धीवर हाय का तू?" सोमलिंग दात ओठ खात म्हणाले. म्हणजे खायचा प्रयत्न केला. वरचं हसू तसंच. ते पाहून पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या अंगावर काटा आला. इतकी थंड काळजाची बाई त्यांनी पाहिली नव्हती.

मूळ नाटकात पाचव्या अंकात राणीच्या पुण्याईनं राजा उठून बसायचा. त्या दिवशी त्यानं गोंधळ बघून आधीच उठायचा प्रयत्न केला, तर लोकांनी "पडून राहा!" म्हणून त्याला परत निजवलं. राणीला साखळदंड घालून नेलं आणि खेळ तिथंच संपला. नाटक लिहिणारे हिरेमठ मास्तर विंगेत एका रिकाम्या पेटीवर बसले होते. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "मग माझे पुढचे दोन अंक?" बाहेर लोक पुढच्या रविवारची तिकिटं आजच मागत होते.

रंगपटात खोबरेल तेल लावलं. रंग निघाला नाही. शिकेकाई लावली, दही लावलं, राखेनं घासलं, शेवटी रॉकेल लावलं. चेहरा जास्तच चकाकला. रेवणप्पानं नखानं टिचकी मारून पाहिली. टक्क असा आवाज आला.

"भोपळ्याचा कसा निघाला होता?" सोमलिंगांनी विचारलं.

रेवणप्पानं खरं ते सांगितलं. सोमलिंगांनी हाताला लागेल ते त्याच्या अंगावर फेकलं. कंगवा, पगडी, राजाची तलवार. पण फेकणारं तोंड इतकं प्रेमळ होतं की रेवणप्पा पळालाच नाही, जागीच उभा राहून तलवार झेलत म्हणाला, "जाईल हो हळूहळू. मालक रागावले न्हाईत ह्यातच सगळं आलं."

रुद्राणीनं दार उघडलं आणि उंबऱ्यातच थबकली. धोतर, कोट, डोक्याला रुमाल, आणि मधे राणी.

"बघत काय उभी राहिलीस? जेवायला वाढ!" सोमलिंग ओरडले.

तिनं वाढलं. एरवी ती वाढून आत जायची. त्या दिवशी ती समोर पाटावर बसली आणि नवऱ्याच्या तोंडाकडं बघत राहिली. ते ज्वारीची भाकरी बारीक बारीक तुकडे करून ओठांच्या फटीतून आत सारत होते.

"एक इचारू?" ती म्हणाली.

"काय हाय?"

"मंगळवेढ्याला जाऊन यायचं होतं, आईकडं. चार दिवस. लग्न झाल्यापासून इचारायचं म्हणती, पण तुमच्या भिवया बघती आन परत जाती. आज एक वर गेलीया ती खालीच येईना, म्हणून म्हटलं इचारावं."

"अजिबात जायचं न्हाय!" सोमलिंग कडाडले. "घरात कामं काय कमी हायेत? आईकडं कशाला जायला पाहिजे? परत नाव काढशील तर बघ!"

रुद्राणीनं समोरचं ते हसू, ती खळी, ती कौतुकानं वर गेलेली भिवई नीट न्याहाळली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बरं," ती म्हणाली. "मग शुक्रवारी जाती." आणि तिनं त्यांच्या ताटात न मागता तूप वाढलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात तेच. धुळा हमालाच्या पाठीवरून पोतं निसटलं, ज्वारी रस्त्यावर सांडली. सोमलिंग गादीवरून उडाले. "डोळे फुटले का रं? पोट भरंना का हितं? चालता हो!" धुळानं घाबरून वर पाहिलं. वर पाहिल्यावर त्याची भीती गेली. तो पोत्यावर टेकला आणि म्हणाला, "मालक, कुणी प्रेमानं इचारत न्हाय म्हणून बोललो न्हाय. कंबर लई धरायलीया." मग त्यानं कंबरेचं सगळं सांगितलं. त्याचं झाल्यावर मंगळवेढ्याहून माल घेऊन आलेल्या रावजी पाटलांनी आपल्या थोरल्या भावाचा अबोला सांगितला. दिवाणजींनी सांगितलं की त्यांना मुळात दिवाणजी व्हायचंच नव्हतं, तबला वाजवायचा होता. सोमलिंग प्रत्येकाला ओरडून गप्प करत होते आणि प्रत्येकाला वाटत होतं, मालक म्हणतायत, सांग बाबा, अजून सांग. दुपारपर्यंत दुकानाबाहेर बैलगाड्यांची रांग लागली. त्यातल्या बऱ्याच गाड्यांत ज्वारी नव्हती.

संध्याकाळी सोमलिंग घरी आले ते घसा बसवून. दिवसभर त्यांनी जेवढा राग केला तेवढा वर्षभरात केला नव्हता, आणि एकाही माणसाला तो लागला नव्हता. त्यांना एकदम फार एकटं वाटलं. आरशात पाहिलं तर ती सुखी बाई त्यांच्याकडं बघून हसत होती. त्यांनी आरशावर उपरणं टाकलं.

अशातच होटगीहून निरोप आला. आत्या शरणम्मा यांचे यजमान चनबसप्पा मामा वारले.

सोमलिंगांना आईवडिलांनंतर वडीलधारं असं तेवढंच घर होतं. न जाणं शक्य नव्हतं. त्यांनी उपरण्यानं तोंड बांधलं आणि रुद्राणीला घेऊन स्टेशन गाठलं. गाडीत उन्हानं जीव घाबरा झाला म्हणून उपरणं जरा सोडलं, आणि तेवढ्यात तिकीट तपासनीस आला. त्यानं तोंड पाहिलं, टोपी काढली.

"बाईसाहेब, जनाना डबा पुढं आहे."

"मी पुरुष हाय!"

"असाल बाईसाहेब. पण बाकीच्या माणसांनी कुठं बघायचं?"

डब्यातली बाकीची माणसं खरोखरच खिडकीबाहेर बघत अवघडून बसली होती. शेवटी सोमलिंग रुद्राणीबरोबर जनाना डब्यात गेले. तिथं बायकांनी त्यांच्याकडं एकवार बघितलं, सरकून जागा दिली, आणि एकीनं पिशव्या लावेपर्यंत धरा म्हणून आपलं तान्हं पोर त्यांच्या मांडीवर दिलं. पोर त्या चकचकीत गालांकडं बघत होटगीपर्यंत रडलं नाही.

मामांच्या घरी अंगणभर माणसं बसली होती. दुःखवट्याच्या घरी तोंड झाकून बसता येत नाही. सोमलिंगांनी उंबऱ्यात उपरणं सोडलं.

मामांचा धाकटा भाऊ सिद्धप्पा काठी घेऊन उठला. "मयताच्या घरी गालाला लाली लावून आलास? आन वर हसायलास?"

"सिद्धप्पा, मी हसत न्हाय. हे निघंना झालंय!" सोमलिंगांचा आवाज फाटला होता. पण तोंड बारशाला आल्यासारखं प्रसन्न होतं. सिद्धप्पानं काठी उगारली.

रुद्राणी मधे आली. भर अंगणात, वडीलधाऱ्यांसमोर ती याआधी कधी बोलली नव्हती. "भावजी, ते रडायलेत. तोंड बघू नका, आवाज ऐका."

सिद्धप्पानं डोळे मिटून ऐकलं. काठी खाली आली.

"कोण आलंय?" आतून शरणम्मा आत्यांनी विचारलं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. सोमलिंग त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. आत्यांनी बराच वेळ त्या चेहऱ्याकडं पाहिलं.

"अय्यो शिवने," त्या म्हणाल्या. "कालपासनं एकसारखी रडकी तोंडं बघून माझा जीव उबगला होता. बा, कूडू हितं," असं म्हणून त्यांनी चटईवर शेजारची जागा थोपटली. सोमलिंग बसले.

"तुझे मामा रेल्वेत सांधे बदलायचे," आत्या त्या हसऱ्या तोंडाला सांगू लागल्या, जणू हे कुणाला माहीतच नव्हतं. "कुटली गाडी सोलापूरला, कुटली विजापूरला, सगळं त्यांच्या हातात. आन एकदा स्वतः सोलापूरला जोडे आणायला निघाले ते विजापूरच्या गाडीत बसले. स्टेशनातली माणसं हसतील म्हणून उतरले न्हाईत. थेट विजापूर! परत येताना हा एवढा नगारा घेऊन आले. म्हणाले, नगाराच आणायला गेलो होतो. माळ्यावर हाय बघ अजून. घरात कुणाला वाजवाय येत न्हाय."

सिद्धप्पा दारात उभा होता. त्याच्या नाकातून फुर्रकन आवाज आला. मग अंगणातला एक जण हसला, मग दुसरा. आत्या पदर तोंडाला लावून हसू लागल्या आणि हसता हसता रडू लागल्या.

सोमलिंगांना आठवलं ते वेगळंच. लहानपणी ते रागानं लालबुंद होऊन अंगणात लोळायचे तेव्हा सगळं घर लांब व्हायचं. एकटे मामा जवळ यायचे, त्यांच्या तोंडात गुळाचा खडा कोंबायचे आणि म्हणायचे, "आता वरड. बघू कसा वरडतोस." सोमलिंगांच्या रागाला आयुष्यात न भ्यालेला तो एकच माणूस होता. तो गेला हे त्यांना तिथं, त्या चटईवर बसल्यावर कळलं.

ते रडायला लागले. पण अश्रूंना बाहेर यायला वाट नव्हती. ते रंगाच्या आतून खाली उतरले आणि तिथंच साठले. त्यात वैशाखाचा घाम मिळाला. आधी गाल फुगले, मग कपाळ फुगलं. तव्यावरची भाकरी टम्म फुगावी तसा राणीचा चेहरा सोमलिंगांच्या चेहऱ्यापासून सुटून वर येऊ लागला. अंगणातली माणसं पुढं सरकून बघू लागली. कानाजवळ चिरर् असा बारीक आवाज झाला, आणि अख्खा चेहरा, खळीसकट, हसूसकट, एका तुकड्यात निघून शरणम्मा आत्यांच्या मांडीवर पडला.

आत सोमलिंगांचं तोंड होतं. लालभडक, सुरकुतलेलं, नाक गळणारं. आणि भिवयांच्या जागी काहीच नव्हतं. भिवया राणीबरोबर गेल्या होत्या.

"आला की माझा सोमू," आत्या म्हणाल्या, आणि त्यांनी पदरानं त्यांचं नाक पुसलं.

मांडीवरच्या चेहऱ्याचं काय करायचं यावर पुष्कळ चर्चा झाली. जाळा म्हणावं तर ती सौभाग्यवती दिसत होती. पुरा म्हणावं तर मेलेली नव्हती. सिद्धप्पाचं म्हणणं, ही ब्याद घरात नको. आत्यांनी कुणाचं ऐकलं नाही. त्यांनी तो चेहरा स्वच्छ पुसून भिंतीतल्या दिवळीत ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर सिद्धप्पाच त्याच्यासमोर मांडी घालून भावाच्या लहानपणच्या खोड्या सांगत बसला होता.

रविवारच्या आदल्या दिवशी संगप्पा होटगीला आले. पुढच्या खेळाची तिकिटं खपली होती आणि लोकांना तीच विष घालणारी राणी हवी होती. त्यांनी चेहरा परत मागितला. आत्या म्हणाल्या, "राणी दुःखवट्यात हाय. यायची न्हाय." संगप्पांनी मग राजाला विष घालणारी राणी दुसऱ्या कुणाकडून करून घेतली. लोकांनी तिलाही आरोपी ठरवलं, पण म्हणाले, मजा नाही, ही वाईट दिसती. हिरेमठ मास्तरांनी नाटक लिहायचं सोडलं आणि व्याकरण शिकवायला लागले.

सोमलिंगांच्या भिवया यायला फार दिवस लागले. तोवर मोठी पंचाईत. ते कपाळाला आठ्या घालून दुकानात बसायचे आणि कुणाला काही कळायचंच नाही. हमाल विचारायचे, "मालक, डोळ्यात काय गेलं का?" शेवटी त्यांना तोंडानं सांगावं लागायचं, "मला राग आलाय." समोरचा विचारायचा, "कशाचा?" मग ते सांगायला लागायचे, आणि अर्ध्या वेळा सांगता सांगताच त्यांना ते कारण एवढंसं वाटायचं.

होटगीहून आल्यावर रुद्राणी मंगळवेढ्याला चार दिवस राहून परतली, त्या दिवशी ते जेवायला बसले. पहिल्या घासालाच थांबले.

"मला राग आलाय," ते म्हणाले.

"कशाचा?" ती समोरच बसली होती. आता ती समोरच बसायची.

"आमटीत मीठ..."

"जास्त झालं का कमी?"

सोमलिंगांनी आमटीचा भुरका मारला. थोडा वेळ तोंडात घोळवला. मग दुसरा मारला.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "तू नव्हतीस ना हितं. त्याचा आला असंल."

रुद्राणीनं मान खाली घातली आणि त्यांच्या वाटीत अजून आमटी ओतली.